अलमट्टी भरलं म्हणून पंचगंगेला पूर येतो का? (दोन रेषा जोडीनं चढल्या तर त्यातून काय कळतं?)

नदीकाठ

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एक आलेख हमखास येतो. एक रेष कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीची, दुसरी पंचगंगेच्या. दोन्ही जोडीनं वर चढताना दिसतात आणि खाली ओळ असते, 'आता आणखी कुठला पुरावा पाहिजे?'

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही पूर आमच्या गल्लीनं सोसलेत, त्यामुळं हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. अलमट्टीची वकिली करायला धागा काढलेला नाही, हेही आधीच सांगते. मला एवढंच मांडायचं आहे की हा आलेख खरा असला तरी जे सिद्ध करायला तो पुढं केला जातो, ते त्यातून सिद्ध होत नाही.

दोन गोष्टी बरोबरीनं वाढतात किंवा घटतात, याला आपण सहसंबंध म्हणतो. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, तिथून पंचगंगा, मग नृसिंहवाडीला कृष्णा, मग कर्नाटकातला हिप्परगी बंधारा, आणि त्याच्याही खाली अलमट्टी. म्हणजे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी आपल्या घाटावरून जाऊन शेवटी अलमट्टीतच पोचतं. आपली नदी फुगली म्हणून अलमट्टी भरतंय, असाही त्या आलेखाचा अर्थ लागतो. बाण उलटा!

आणि याहून मोठी शक्यता म्हणजे दोघांच्या मागं तिसरंच कुणीतरी असणं. गगनबावडा, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, सगळीकडं एकाच मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. घाटावर धो धो कोसळला की पंचगंगाही चढणार आणि कृष्णेचं पाणी जिथं साठतं ते धरणही चढणार. दोघांनी एकमेकांना हातही लावला नाही तरी रेषा जोडीनंच चालतील.

उरली तिसरी शक्यता, जी ग्रुपवर सांगितली जाते ती. खालच्या धरणाचा फुगवटा मागं सरकतो आणि वरचं पाणी अडतं. हे भौतिकदृष्ट्या अशक्य नाही. पण या तिन्ही परिस्थितींत आलेख अगदी तसाच दिसेल. जो आलेख तीन वेगळ्या गोष्टींना सारखाच लागू पडतो, तो त्यातली एक निवडायला कसा उपयोगी पडेल?

सरीवरंबा

ताई, तुमचं शिकवणं खरं असंल. पण आमी शिरोळ तालुक्यातली माणसं. आमच्या हिकडं पूर पयल्यापासनं येतोय, त्याचं काय न्हाई. पर आधी पाणी आलं तसं वसरायचं. आता मुक्कामच ठोकतंय. ऊस कुजून जातोय उभ्याउभ्या. धरण पुरं झालं २००५ ला, आणि त्याच साली केवढा पूर आला बघा की. ह्ये सगळं योगायोग म्हणायचं काय?

तळटीप

२०१९ च्या पुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली होती. तिनं अलमट्टी आणि हिप्परगीला मुख्य कारण ठरवलं नाही. कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली, पूररेषेतली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. त्या अहवालावर आपल्याकडच्या अनेकांचे आक्षेप आहेत, तेही नोंदवतो.

नदीकाठ

@सरीवरंबा दादा, तुमचा प्रतिसाद मला त्या आलेखापेक्षा मोलाचा वाटतो. कारण तुम्ही वेगळाच प्रश्न विचारला आहे. आलेख म्हणतो पाणी किती *चढलं*. तुम्ही म्हणताय पाणी किती वेळ *थांबलं*. हे दोन वेगळे परिणाम आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. पाणी कमाल पातळीला पोचायला घाटावरचा पाऊस पुरेसा असेल आणि तरीही ते लवकर न ओसरण्यात खालच्या बाजूच्या अडथळ्याचा हात असेल. शहरातला माणूस ४३ फुटांची धोका पातळी बघतो, शिरोळचा शेतकरी ऊस किती काळ पाण्याखाली राहिला ते बघतो. दोघं 'पूर' हाच शब्द वापरतात आणि वाद घालत बसतात.

आता 'धरण झालं आणि मग पूर वाढले' याबद्दल. आधी आणि नंतर अशी तुलना करताना मधल्या काळात आणखी काय काय बदललं ते विचारावं लागतं. या वीस वर्षांत पूरक्षेत्रात किती घरं उभी राहिली ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. रस्त्यांचे आणि पुलांचे भराव वाढले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडतो तेव्हा त्या भरावांच्या मागं पाणी कसं तुंबतं हे आपल्याला ठाऊक आहे. ऊस अगदी नदीच्या काठापर्यंत आला. पावसाची तऱ्हाही पूर्वीची राहिली नाही. हे सगळं त्याच वर्षांत, एकाच वेळी घडलं. नुसत्या 'आधी-नंतर' वरून यातल्या एकावर बोट ठेवता येत नाही.

मग काय करायचं? दोन वाटा दिसतात. एक, साधारण सारखा पाऊस आणि वरच्या धरणांतून सारखा विसर्ग असलेले प्रसंग शोधायचे, पण असे की एकदा अलमट्टीची पातळी कमी होती आणि एकदा जास्त. मग नृसिंहवाडीला पाणी किती चढलं आणि किती वेळात उतरलं ते ताडून पाहायचं. पावसाळा संपताना अलमट्टी साधारण भरलेलंच ठेवतात, पण तेव्हा आपल्याकडं पूर नसतो. म्हणजे नुसतं भरलेलं धरण पुरेसं नाही हे उघड आहे. यावरून धरण निर्दोष ठरतं असं मात्र नाही, कारण वरून मोठा लोंढा येत असतानाच खालची पातळी जास्त असेल, तर त्या दोघांचा *मिळून* परिणाम काय, हाच खरा प्रश्न आहे.

दुसरी वाट माझ्या मते अधिक भक्कम. राजाराम बंधारा, नृसिंहवाडी, राजापूर बंधारा, हिप्परगी या सगळ्या ठिकाणच्या तासातासाच्या पातळ्या समुद्रसपाटीच्या एकाच मापात एकत्र मांडायच्या. फुगवटा खरोखर मागं येत असेल तर त्याची खूण राहतेच. पाण्याचा उतार खालच्या बाजूनं सपाट होत वर सरकतो. लोंढा वरून येत असेल तर चढ आधी वर दिसतो, मग खाली. कारणाला क्रम असतो, आणि तो क्रम शोधता येतो.

तळटीप

या संदर्भात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचं काम आठवतं. १९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. अभियंत्यांच्या समितीचं मत पडलं की नदीचं पात्रच वर आलंय, तेव्हा बांध आणखी उंच करा. महालनोबिस यांनी साधारण साठ वर्षांच्या पावसाच्या आणि पातळीच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याची खूण त्यांना सापडली नाही. कारण वरच्या खोऱ्यातला अतिवृष्टीचा पाऊस होता. बांध वाढवण्यापेक्षा वरच्या बाजूला पाणी अडवणं हा उपाय त्यांनी सुचवला. पुढं हिराकूड धरणाची जी कल्पना आकाराला आली तिच्यामागं हेही विचार होते.

कारण चुकीचं धरलं असतं तर पैसा, दगड, माती सगळं बांधांवर गेलं असतं आणि पूर येतच राहिला असता.

करवीरकर

छान चाललाय धागा. कुणी अजून म्हटलं नाही म्हणून सांगतो, संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार आपल्या कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली शिकले, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला, १९७४ ला पद्मभूषण. आपल्या मुलांना हे नाव शाळेत कळायला हवं.

रंकाळावारा

मला या सगळ्या मांडणीची दुसरी बाजू दिसते आणि ती मला अस्वस्थ करते. पंचगंगेत मासे मरून तरंगतात, पाण्याला फेस येतो, काठच्या गावांत पोटाचे आजार वाढतात. आम्ही तक्रार घेऊन गेलो की समोरचा साहेब शांतपणे म्हणतो, 'हा फक्त सहसंबंध आहे, आमच्या सांडपाण्यामुळंच झालं हे सिद्ध करा.' म्हणजे तुमचं हे वाक्य शेवटी कुणाच्या कामी येतं? नदीचं पाणी पिणाऱ्यावर प्रयोग करून दाखवायचा का आम्ही?

चाफेकळी

रंकाळावारा, +१. मला वैद्यकीय क्षेत्रात हे रोज दिसतं.

नदीकाठ

@रंकाळावारा, हा प्रतिसाद यायलाच हवा होता. सविस्तर लिहिते, कारण या विषयाचा खरा गाभा इथंच आहे असं मला वाटतं.

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरं. पण म्हणून तो कचऱ्यात टाकायचा असं त्यातून निघत नाही. तो चौकशी सुरू करायला भाग पाडतो. 'हा फक्त सहसंबंध आहे' असं म्हणून चौकशीच थांबवणारा माणूस त्या वाक्याचा गैरवापर करतो. सिगारेट कंपन्यांनी अनेक वर्षं नेमकं हेच केलं.

१९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून दाखवलं की फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांत धूम्रपान करणारे फार जास्त आहेत. पुढं १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली. सुमारे ४० हजार डॉक्टरांनी आपल्या सवयी कळवल्या आणि मग कोण कशानं दगावतं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. आक्षेप घेणारे साधेसुधे नव्हते. रोनाल्ड फिशर, आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा माणूस, म्हणाला की असंही असेल, एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कर्करोगाकडेही. म्हणजे आपल्या पावसासारखं, मागं तिसरंच कुणीतरी.

कुणालाही बळजबरीनं सिगारेट ओढायला लावून प्रयोग करता येत नव्हता. मग १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी उलट हिशेब केला. सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण सुमारे नऊ पट असेल आणि ते सगळं त्या छुप्या गुणामुळंच असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊ पट जास्त आढळायला हवा. असा गुण कुठंय, दाखवा! कुणाला दाखवता आला नाही. शिवाय जास्त ओढणाऱ्याला धोका जास्त, सोडणाऱ्याचा धोका कमी होत जातो, आधी धूर आणि मग आजार हा क्रम प्रत्येक वेळी तोच. धागे एकाच बाजूला जुळत गेले.

तेव्हा 'दुसरं काही कारण असेल' म्हणणाऱ्यावरही जबाबदारी येते. कोणतं कारण, किती मोठं, आणि त्याची खूण कुठं दिसते, हे त्यानं सांगायला हवं. तुमच्या त्या साहेबाला हाच प्रश्न विचारा.

पाण्याच्या बाबतीत तर जुना आणि फार सुंदर दाखला आहे. १८५४, लंडन, कॉलऱ्याची साथ. जॉन स्नो या डॉक्टरला संशय होता की आजार पाण्यातून येतो. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच गल्लीत, कधी शेजारच्या दोन घरांना, वेगवेगळ्या नळांनी पाणी देत होत्या. एका कंपनीनं १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा थेम्सच्या वरच्या, शहराची घाण न मिसळलेल्या भागात नेली होती. दुसरी घाण मिसळलेलंच पाणी उचलत होती. स्नोनं मृत्यू झालेल्या घरांत कोणाचा नळ आहे ते शोधलं. घाण पाणी उचलणाऱ्या कंपनीच्या दर १० हजार घरांमागं ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. हवा तीच, गल्ली तीच, गरीब-श्रीमंत दोन्ही नळांवर. फरक काय तो पाण्याचा. प्रयोग कुणी केला नव्हता, पण परिस्थितीनं जवळजवळ प्रयोगच मांडून दिला होता.

२०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ आपल्याला आठवते. अशा वेळी कोणत्या गल्लीला कोणत्या टाकीचं पाणी, कोणत्या दिवशी कुणाला लागण झाली, कूपनलिकेचं पाणी पिणाऱ्यांचं काय झालं, ही यादी जो लिहून ठेवतो त्याच्या हातात मेलेल्या माशांच्या फोटोपेक्षा कितीतरी जड पुरावा असतो. फोटोही काढा. पण सोबत तारीख, वेळ, नाल्याच्या वरच्या बाजूच्या पाण्याचा नमुना आणि खालच्या बाजूच्या पाण्याचा नमुना. वरचा स्वच्छ आणि खालचा घाण निघाला की उत्तर साहेबाला द्यावं लागेल.

रंकाळावारा

वरचा आणि खालचा नमुना, हे डोक्यात बसलं. आमच्या मंडळातली पोरं करतील.

चाफेकळी

माझ्याकडचं एक उदाहरण, मोजलेलं. १९८६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मुतखड्याच्या उपचारांची तुलना छापली. पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ जणांत यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. लहान छिद्रातून खडा काढण्याची नवी पद्धत ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. कुणीही म्हणेल नवी चांगली.

आता खड्याच्या आकारानुसार वेगळं करा. लहान खडे: जुनी ८७ पैकी ८१ (९३ टक्के), नवी २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: जुनी २६३ पैकी १९२ (७३ टक्के), नवी ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्हीकडं जुनीच पुढं! एकत्र बेरजेत ती मागं पडली, कारण मोठे, अवघड खडे बहुतेक तिच्याच वाट्याला आले होते.

म्हणून 'सरकारी दवाखान्यात माणसं जास्त दगावतात, खासगीत कमी' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सगळीकडून नकार मिळालेला, शेवटच्या क्षणाला आणलेला रुग्ण कुठं येतो ते आधी विचारा.

तळटीप

@नदीकाठ, मूळ आलेखाबद्दल एक भर. नुसत्या काळाबरोबर वाढत जाणाऱ्या दोन रेषा फार फसवतात. जॉर्ज उडनी यूल यांनी १९२६ मध्येच दाखवलं होतं. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्चमधल्या लग्नांचं प्रमाण घटत गेलं आणि मृत्युदरही घटत गेला. दोन्हींचा सहसंबंध ०.९५! चर्चमधली लग्नं बंद केली तर कुणी मरणार नाही, असं थोडंच आहे? पातळीऐवजी कालच्यापेक्षा आज किती फरक पडला, ते दोन्हीकडचे फरक ताडून बघावेत. बऱ्याच जोड्या तिथंच सुटतात.

नदीकाठ

अगदी. आमच्या वर्गात मुलांना मी हेच करायला लावते.

सरीवरंबा

ताई, सगळं वाचलं. पाण्याचं तुमी म्हणतासा तसं मापानं बघाय पायजे, ह्ये पटलं. आता माझ्या कामाचं सांगा. आमच्या गावात ज्यांनी ठिबक केलं त्यांचा एकरी उतारा जास्त पडतोय. दुकानदार त्योच दाखला देतोय. पर ठिबक करणारं कोण? ज्याच्या गाठीला पैसा हाय, ज्याचं रान चांगलं, ज्यो खताला कमी पडू देत न्हाई. मग जादा ऊस ठिबकचा का पैशाचा? माझी यंदा उसाची आडसाली लागण हाय, जात ८६०३२. रान पाच एकर, नदीकडची बाजू क्षारपड. कसं बघू?

नदीकाठ

दादा, दुकानदाराला जे कळलं नाही ते तुम्ही नेमकं पकडलंत.

याचं उत्तर शेतातच जन्माला आलं आहे. वर ज्या फिशरचा उल्लेख केला, तोच १९१९ पासून इंग्लंडमधल्या रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात होता. रानाचा एक कोपरा कसदार, एक पाणथळ, मग खताचा गुण आणि रानाचा गुण वेगळा कसा काढायचा, हा त्याच्यासमोरचा प्रश्न. कुठल्या तुकड्याला काय द्यायचं ते माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठीनं किंवा नाण्यानं ठरवायचं, हे त्याचं उत्तर. म्हणजे आपल्याला माहीत असलेले आणि माहीत नसलेले, दोन्ही तऱ्हेचे फरक कुठल्याच एका बाजूला मुद्दाम गोळा होत नाहीत.

तुमच्या रानात क्षार नदीकडं जास्त, तेव्हा अर्धं रान ठिबक आणि अर्धं पाटपाणी असं करू नका. पट्टे पाडा, नदीपासून बांधापर्यंत एकामागं एक, आणि शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्या धरा. जोडीतले दोन्ही पट्टे जवळपास सारख्याच क्षाराचे असतील. प्रत्येक जोडीला नाणं उडवा, छापा पडला तर वरच्या पट्ट्याला ठिबक, काटा पडला तर खालच्या. जितक्या जास्त जोड्या बसतील तितकं बरं. पाटाचं पाणी शेजारी झिरपतं, म्हणून दोन पट्ट्यांच्या सीमेवरच्या सऱ्या वजनात धरू नका.

लागणीची तारीख, बेणं, भरणी सगळं सारखं. खताचा मात्र आधी विचार करा. ठिबकमधून विद्राव्य खत सोडणार आणि पाटाला पोत्यातलं टाकणार असाल, तर मिळणारा फरक ठिबक *आणि* खत दोन्हींचा मिळून असेल. तोच बघायचा असेल तर हरकत नाही, कारण शेतकरी तसंच वापरतो. नुसत्या पाण्याचा गुण बघायचा असेल तर खत दोन्हीकडं सारखंच द्या.

आणि नाणं पडल्यावर बदलायचं नाही. 'हा पट्टा जरा उजवा आहे, इथं ठिबक बरं दिसेल' असं मनात आलं तरी नाही.

सरीवरंबा

बदलत न्हाई. खत दोनीकडं सारखंच टाकतो, मला पाण्याचंच बघायचं हाय. पर तोड टोळी करती, ती पट्टं येगळं ठेवंल का?

नदीकाठ

मुकादमाशी आधीच बोलून ठेवा. प्रत्येक पट्ट्याची मोळी वेगळ्या खेपेत भरता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर प्रत्येक पट्ट्यात ठरावीक लांबीच्या मधल्या सऱ्या स्वतः तोडून वजन करा. त्या कुठल्या हेही आजच वहीत लिहून ठेवा, ऊस बघून निवडू नका. पुराचं पाणी रानात शिरलं तर कुठल्या पट्ट्यात किती दिवस राहिलं तेही लिहा. आकडे कसेही आले तरी इथं टाका, ठिबकच्या बाजूचे असोत की विरुद्ध.

सरीवरंबा

टाकतो. मुकादमाला फोन केलाय. पट्टं आखायला पोरगं टेप घिऊन रानात गेलंय.